तुझ्या यादीत नसलेले गिटारवादक

प्रश्न : मी नाशिकला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षं गिटार वाजवते. हेंड्रिक्स, जिमी पेज, गिलमोर यांचे सोलो जसेच्या तसे येतात. तरी दोन बँडच्या ऑडिशनमधून "बाकी छान, पण लय चढते" एवढंच ऐकून परत आले. कॉलेज सोडून मुंबईत सेशनची कामं (दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये पैसे घेऊन वाजवणं) शोधावीत असं वाटतं. आईबाबांचा विरोध आहे, पण नव्या गिटारसाठी ७० हजार द्यायला बाबा तयार आहेत. कोणती घेऊ?

उत्तर : कुठलीच नको, निदान आत्ता.

तुझ्या यादीतली तिन्ही नावं थोर आहेत, पण तू त्यांच्याकडून फक्त सोलो उचललेस. चार मिनिटांच्या गाण्यात सोलो फार तर अर्ध्या मिनिटाचा. उरलेली साडेतीन मिनिटं गिटारवाला काय करतो, त्याचे पैसे मिळतात. (पेज स्वतः लेड झेपेलिनच्या आधी लंडनमध्ये सेशनच करत होता. तो पेज कुणाच्या यादीत नसतो.) तेव्हा पुढचे सहा महिने कमी बोलबाला झालेल्या काही वादकांकडे शिकायला बस.

पहिला फ्रेडी ग्रीन. १९३७ मध्ये काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात आला आणि मधला थोडा काळ सोडला तर १९८७ मध्ये जाईपर्यंत तिथेच होता. ॲम्प्लिफायर नाही, सोलो जवळपास नाहीतच. प्रत्येक मात्रेला एक स्ट्रोक. रेकॉर्डवर त्याची गिटार वेगळी शोधायला गेलीस तर सहज सापडणार नाही, ती ड्रम आणि बासमध्ये मुरलेली असते. तुझा ऑडिशनचा प्रश्न नेमका इथे आहे.

ही तीन कॉर्ड घे. ए मायनर सेव्हन : सहावी, चौथी आणि तिसरी तार, तिन्ही पाचव्या फ्रेटवर. डी सेव्हन : पाचवी तार पाचव्या, चौथी तार चौथ्या, तिसरी तार पाचव्या फ्रेटवर. जी सिक्स : सहावी तार तिसऱ्या, चौथी तार दुसऱ्या, तिसरी तार चौथ्या फ्रेटवर. प्रत्येकीत तीनच सूर. सहाव्या तारेवर मधलं बोट ठेवलंस की त्याच्या मांसल कडेने पाचवी तार दाबून मुकी करायची. पहिली-दुसरी बोटांच्या आतल्या बाजूने. स्ट्रोक मारल्यावर बोटं उचलायची नाहीत, फक्त दाब सोडायचा. दाब लवकर सुटला तर नुसतं "टक" ऐकू येतं, उशिरा सुटला तर कॉर्ड पुढच्या मात्रेवर सांडते.

आता मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लाव आणि प्रत्येक टिक ही दुसरी किंवा चौथी मात्रा समज. म्हणजे तुझी लय १२० झाली, आणि पहिली-तिसरी मात्रा तुझी तुला सांभाळायची आहे. पहिल्या आठवड्यात बहुधा असं होईल : काही आवर्तनं ठीक जातील, मग टिक हळूहळू मागे राहिल्यासारखी वाटेल. मेट्रोनोम मागे राहत नाही, तू पुढे पळालेली असतेस. कॉर्ड बदलताना हात घाईने आधीच पोचतो, म्हणून हे होतं. रोज पाच मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. त्याच दिवशी ऐकलंस तर कान स्वतःची बाजू घेतो.

हे महिनाभर जमलं की जिमी नोलन, गायक जेम्स ब्राउनचा गिटारवादक. ब्राउनचं १९६५ चं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' ऐक. सरावात उजवा हात मात्रेला चार स्ट्रोक (खाली-वर-खाली-वर) असा चालू ठेव, सूर हवा तिथेच डाव्या हाताने दाब. सूर नाही म्हणून उजवा हात थांबवलास की ठेका मोडलाच.

गायकाच्या मागे वाजवणं ह्युबर्ट सम्लिनकडून शीक. ब्लूज गायक हाउलिन वुल्फचं १९६४ चं 'किलिंग फ्लोअर' लाव, शब्द तोंडाने म्हण, आणि गायक श्वास घेतो तिथेच सम्लिनची गिटार कशी बोलते ते वहीत टिपून ठेव. तो पिक न वापरता बोटांनी वाजवायचा, त्यामुळे एकाच सुरात हळू-जोरात इतका फरक येतो.

कानाने उतरवून घेण्याच्या सरावाला जॅझमधला ग्रँट ग्रीन उत्तम : एका वेळी एकच सूर, स्वच्छ, सॅक्सोफोनसारखा. 'आयडल मोमेंट्स' (ध्वनिमुद्रण १९६३) संथ आहे. दिवसाला चारच मात्रा उतरव, आधी गाऊन, मग गिटारवर. आणि आमान्सियो डिसिल्वा ऐकला नसशील तर ऐकच. गोव्याच्या घराण्यातला, मुंबईत जन्मलेला, लंडनमध्ये जॅझ वाजवलेला. १९६९ चे 'इंटिग्रेशन' आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचा 'हम दोनो' हे अल्बम आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नाहीत, ही खरं तर लाजेची गोष्ट आहे.

पैशाचं. 'माय गर्ल'च्या (१९६४) सुरुवातीची ती चढत जाणारी ओळ रॉबर्ट व्हाइटने वाजवली. पण ते काढणारी मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी अल्बमवर वादकांची नावं छापत नसे. ती आली १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. उलट स्टीव्ह क्रॉपर. तोही स्टुडिओतला साथीदारच, पण ओटिस रेडिंगबरोबर 'डॉक ऑफ द बे' लिहिलं आणि गीतकार-संगीतकार म्हणून नाव लावलं. वादकाला मानधन एकदा मिळतं, रचनाकाराला रॉयल्टी मिळत राहते. आपल्याकडे रचनाकारांची रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. तू एखादी धून रचलीस तर वाटा किती, हे रेकॉर्डिंगच्या आधी मेसेजवर लिहून घे. नंतर कुणाला काही आठवत नसतं.

म्हणून बी.कॉम. सोडू नकोस. मानधनातून टीडीएस कापला जातो, बिलं पाठवावी लागतात, रिटर्न भरावं लागतं. यात बरेच वादक अडकतात, तू अडकणार नाहीस. संगीत परीक्षांमधलं ग्रेड आठचं प्रमाणपत्र क्लासमध्ये किंवा शाळेत शिकवायचं असेल तर कामी येतं. स्टुडिओत ते कुणी मागत नाही.

७० हजारांतला थोडा भाग असा खर्च कर : आहे त्या गिटारचं सेटअप आणि नव्या तारा, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), बंद कपांचे हेडफोन. उघडे घेतलेस तर अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताना हेडफोनमधल्या क्लिकचा (मेट्रोनोमच्या टिकटिकीचा) आवाज माइकमध्ये शिरतो आणि तो नंतर निघत नाही. बाकीचे पैसे बाबांकडेच राहू देत. कुणाला ट्रॅक पाठवायचा झाला तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, गाण्याच्या अगदी शून्यापासून सुरू होणारी, इफेक्ट नसलेली एक आणि असलेली एक, फाइलच्या नावात टेम्पो आणि गाण्याची पट्टी लिहून. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून कर. रिव्हर्ब चिकटवून पाठवलेली एकच फाइल मिक्सिंगवाल्याच्या डोक्याला ताप होते आणि तुझा नंबर पुन्हा लागत नाही.

मुंबई नाशिकहून चार तासांवर आहे. सुट्टीत ये, ऑडिशन दे, आणि त्या वेळी सोलो मागितल्याशिवाय वाजवू नकोस.