कुत्र्यासोबत सराव सुरू करतोयस, तर एवढं आधी

भाऊ, मदतनिधीसाठी ५० किलोमीटर धावायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मॅरेथॉन ४२.१९५ची असते, तुझं अंतर त्याहून थोडंच पुढे. जमेल.

खान्देशातली थंडी सरावाला सोन्यासारखी, पण दहा वाजले की ऊन चटकतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. म्हणून उजाडताच निघ, नऊच्या आत घरी. मेहरूण तलावाकडचा सपाट रस्ता सुरुवातीला पुरे. कुत्रा मागे रेंगाळला की थांबायचं, ओढायचं नाही.

नवे लोक इथे चुकतात:
– पहिल्याच आठवड्यात वीस किलोमीटर.
– दीड वर्षाच्या आतलं पिल्लू पळवणं. हाडं भरलेली नसतात.
– गळपट्ट्याला दोरी. छातीपट्टा घे.

कापसाच्या बांधावर सराटे फार. माझी काळी एकदा मधेच तीन पायांवर उभी राहिली; काटा बोटांमधल्या केसांत दडलेला. तेव्हापासून घरी आलो की आधी तिचे पंजे, मग माझे बूट.

आणि पूर्ण ५० तुझ्या कुत्र्याला पळवू नकोस. रोजचे चार-पाच किलोमीटर दोघांचे, रविवारचा लांब पल्ला तुझ्या एकट्याचा. वेगाचं महिन्याभराने बोलू.