सिझरनंतर तळपायाचे पॉइंट दाबून घेतले तर दुखण्याच्या गोळ्या बंद करता येतील का?

दादा, पत्नी तासगावला माहेरी आहे, सिझरचा आज पाचवा दिवस, टाके ठणकतायत, आणि मालिशवाल्या मावशी म्हणतात की तळपायाचे पॉइंट दाबते, गोळ्या सोडा, असं तुम्ही लिहिलंय. सांगलीत बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी नोकरी झाली, म्हणून सांगते. पाय खुशाल दाबून घ्या. गोळ्या सोडू नका.

आराम पडतो हे खरं. इराण, तुर्कस्तानात सिझर झालेल्या बायकांवर याचे अभ्यास झालेत आणि दुखणं तेवढ्यापुरतं कमी झालेलं दिसलंय. अभ्यास लहान आहेत. शिवाय पाय दाबले जातायत हे बाईला कळतंच, त्यामुळे गुण पॉइंटचा किती आणि मायेच्या हाताचा किती, हे वेगळं काढता येत नाही. टाचेच्या आतल्या बाजूला गर्भाशयाचा पॉइंट दाखवतात, पण तिथून थेट गर्भाशयाला जाणारी नस शरीरशास्त्राला माहीत नाही. कुठला पॉइंट कुठल्या अवयवाचा, हा तळपायाचा नकाशा १९३०च्या दशकात अमेरिकेत युनिस इंगहॅम यांनी रूढ केला. आपल्याकडे तळपायाला तूप लावून घासायची काश्याची वाटी आहेच. घासताना तूप काळं पडतं ते उष्णता निघाली म्हणून नव्हे, काश्यातल्या तांब्यामुळे. पण बाळंतिणीचा डोळा लागतो, आणि तिला झोपेची फार गरज असते.

बाळ पिऊन झोपलं की दाबा. टाचेपासून बोटांकडे अंगठा थोडा थोडा सरकवत जायचं, चवड्याखालच्या मधल्या खळग्यावर जरा थांबायचं. तिने पाय आखडला तर जोर जास्त होतोय. हात घोट्याच्या वर नको, पोटाला तर अजिबात नको.

आधी एक काम मात्र रोज करा. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढलेला असतो, सिझरमध्ये जास्तच. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर चोळणं नाही, शेक नाही, त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी थांबू नका. ताप, टाक्यातून पू किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढत चाललं, तर तेही पायाच्या पॉइंटचं काम नाही.

औषध दुधात उतरेल या भीतीने कितीतरी बायका कळ सोसत राहतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन दुधात अगदी थोडं उतरतं; डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ठरल्या वेळी द्या. दुखणं ताब्यात राहिलं तरच ती उठेल, चालेल, आणि गुठळी टाळायला चालणं लागतंच. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायला सांगा. आज गोळी घेतल्यावर तासाभराने हाताला धरून तिला ओसरीवर दोन फेऱ्या मारायला लावा.