गेममध्ये हेर?

प्रश्न: मुलगा अकरावीला आहे, लॅपटॉपवर ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळतो. त्याचा मित्र म्हणाला, या गेममध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर होतं. खरं का? गेम काढून टाकायला लावू? – एक आई, मिरज

उत्तर: ताई, बातमी खरी आहे, पण शिळी. त्या सॉफ्टवेअरचं नाव ‘रेड शेल’. २०१८ च्या जूनमध्ये खेळाडूंनीच ते हुडकून काढलं. ‘कोनन एक्झाइल्स’, ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ अशा इतर गेममध्येही ते सापडलं. बोंबाबोंब झाली आणि एकेका कंपनीने ते काढून टाकलं.

ते करायचं काय? कुठली जाहिरात बघून गिऱ्हाईक आलं, याचा हिशेब. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, स्क्रीनचा आकार, फॉन्ट असले तपशील जुळवून तुमचा कॉम्प्युटर ओळखायचं. नाव, ईमेल घेत नाही, असं बनवणारे सांगत. असेलही. पण रोख पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये न विचारता हे घालायचं? मला तरी ते पटत नाही.

गेम राहू द्या. शंका असेल तर त्याच्या फोल्डरमध्ये ‘रेडशेल’ नावाची फाइल शोधायला मुलालाच सांगा, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता.

मला जास्त काळजी फोनवरच्या फुकट गेमची वाटते. लुडोला कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला हवं? परवानगी नाकारा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगलखाली ‘जाहिराती’ असतं, तिथला जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्यावरून फोन ओळखतात तो क्रमांक, तोही काढून टाका. जाहिराती थांबणार नाहीत हं, फक्त मुलाच्या आवडीनिवडी हेरून येणाऱ्या कमी होतील.