बॅटचा जोड सुटला, आणि बिलावर शिक्का ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे. मुलगी जिल्ह्याच्या 19 वर्षांखालील संघातून क्रिकेट खेळते. तिच्यासाठी पुण्यातल्या एका दुकानातून 18,500 रुपयांची इंग्लिश विलो लाकडाची बॅट घेतली. टॅगवर ‘फॅक्टरीत नॉकिंग केलेली, थेट खेळायला तयार’ असं छापलंय. सोबतच्या कार्डावर हँडलला सहा महिन्यांची वॉरंटी आहे. 24व्या दिवशी हँडल ब्लेडमध्ये बसतं तिथला जोड उघडला. आता फटका मारला की हँडल हलतं. त्याच दिवशी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, ‘बॅटला वॉरंटी नसते, कंपनीला विचारा.’ बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे. कंपनी ईमेलवर म्हणते, तुम्ही नॉकिंग केलं नाही आणि सात दिवसांत वॉरंटीची ऑनलाइन नोंदणीही केली नाही. इथला एक कारागीर 800 रुपयांत जोड चिकटवून द्यायला तयार आहे. करून घेऊ का? खरेदीला आता दोन महिने झाले.

उत्तर : जोड आत्ता अजिबात चिकटवून घेऊ नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तो उघडा जोडच आहे. त्यात नवा सरस भरला की मूळचा कुठे लागला होता आणि कुठे नव्हता, हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय ‘बाहेर दुरुस्ती केली, वॉरंटी संपली’ म्हणायला कंपनी मोकळी. बॅट जुन्या चादरीत गुंडाळून घरात सावलीला ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर नको, उष्णतेने लाकूड सुकतं आणि फट वाढते. मधल्या काळात मुलीला दुसरी बॅट घ्यावी लागली तर तिचं पक्कं बिल जपा.

आता कंपनीचं म्हणणं पाहू. नॉकिंग म्हणजे लाकडी हातोडीने बॅटचा दर्शनी भाग आणि कडा ठोकून घट्ट करणं, म्हणजे लेदर बॉलने तिथे चिरा पडत नाहीत. हँडलच्या जोडाशी त्याचा संबंध नाही, उलट त्या भागावर ठोकायचंच नसतं. यॉर्करने टो, म्हणजे बॅटचं खालचं टोक, फुटली असती किंवा कडेची ढलपी उडाली असती, तर कंपनीचं उत्तर निदान विचारात घेण्यासारखं होतं. तुमचा बिघाड वेगळ्याच जागी आहे. त्यातून ‘नॉकिंग केलेली, थेट खेळायला तयार’ हे त्यांनीच छापलंय. तो टॅग फेकला नसेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा.

जोड नीट पाहा, पण ओढून उघडू नका. वेताचं हँडल पाचरीसारखं निमुळतं करून ब्लेडच्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत सरस लावून बसवलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फटीत बघा. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असेल, त्यावर वाळलेल्या सरसाचा चकाकता थर असेल आणि लाकडाचे तंतू चिकटलेले नसतील, तर सरस धरलाच नव्हता. तो कारखान्यातला दोष. पण लाकूड धागे निघाल्यासारखं फाटलेलं दिसलं, तर मोठ्या आघाताने ते तुटलं असं समोरचा म्हणेल आणि त्यात तथ्य असू शकतं. वहीच्या कागदाची पट्टी फटीत अलगद किती आत जाते तेही मोजा. वरच्या वार्निशला नुसती केसाएवढी रेघ असेल तर तो दोष धरला जात नाही. पट्टी चार-पाच सेंटिमीटर आत जात असेल आणि हँडल हलताना कटकट आवाज येत असेल, तर गोष्ट वेगळी. या सगळ्याचा बॅट हलवतानाच्या आवाजासह व्हिडिओ करा.

एक प्रश्न मला तुम्हाला विचारायलाच हवा : घरी बॅटला जवसाचं तेल लावलं होतं का, आणि ते जोडापर्यंत गेलं का? तेलाने तिथला सरस सैल होतो. तसं झालं असेल तर लपवू नका. उलटतपासात ते बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

शिक्क्याला घाबरायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलंय. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यातलीच एक. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीत, मुदतच नसेल तर 30 दिवसांत. तुमच्या शिक्क्यात मुदत नाही, नुसता नकार आहे, त्यामुळे 30 दिवस लागू होतात असं मी धरतो. तुम्ही 24व्या दिवशी कळवलं आणि 26व्या दिवशी नकार आला. त्या व्हॉट्सॲप संवादाला फार किंमत आहे. नुसते स्क्रीनशॉट काढून थांबू नका, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा आणि तो फोन विकू नका. (रंग आवडला नाही, वजन जास्त वाटलं, अशा कारणांना हे कलम लागत नाही. वस्तूत दोष हवा.)

नोंदणीची सात दिवसांची अट कंपनीने स्वतःहून दिलेल्या वॉरंटीपुरती आहे. माल विकण्याजोग्या दर्जाचा असावा हा हक्क कार्डातून येत नाही, तो कायद्यातून येतो. वस्तुविक्री अधिनियम, 1930 चं कलम 16 तेच सांगतं. खरेदीच्या वेळी तुम्ही बॅट हातात घेऊन पाहिली असणार, पण आतला सरस तेव्हा दिसणारा नव्हता. म्हणून ‘पाहून घेतली होती’ हा बचाव टिकू नये.

इथे बरेच जण एक चूक करतात. सात दिवसांची अट अन्यायकारक आहे म्हणून तक्रारीत ‘अन्याय्य करार रद्द करावा’ अशी मागणी घालतात. अन्याय्य कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. ती मागणी घातली की अधिकारक्षेत्राच्या वादातच महिने जातात. सदोष वस्तू आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढ्या दोनच पायांवर उभे राहा.

पहिलं पाऊल नोटिशीचं. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही एकच पत्र पाठवा. वकील लागत नाही. कंपनीचा पूर्ण पत्ता वेष्टनावर असतो, तो छापणं उत्पादकाला बंधनकारक आहे. पत्रात बिल क्रमांक, तारीख, रक्कम, दोष कोणत्या दिवशी दिसला, कुणाला कधी कळवलं आणि काय उत्तर आलं, हे क्रमाने लिहा. शेवटी स्पष्ट मागणी करा : 15 दिवसांत नवी बॅट किंवा 18,500 रुपये परत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मागवा, ईमेलवरही टाका. कंपनी ‘तपासणीसाठी बॅट पाठवा’ म्हणाली तर द्यायला हरकत नाही. मात्र आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ब्लेडवरचा क्रमांक टिपा आणि ‘जोड उघडलेल्या अवस्थेत मिळाली’ अशी लेखी पोच घ्या. दुकानात नुसती ठेवून येऊ नका.

सोबतच 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण काही कंपन्या तिथेच तडजोड करतात. नाही केली तरी त्यांचं लेखी म्हणणं हाती येतं.

एवढ्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 35 खाली साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. दुकान पुण्यात असलं तरी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करण्याची सोय 2019 च्या कायद्याने दिली आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि स्वतः बाजू मांडायलाही मुभा आहे. दुकानदार सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) क्रमांक 1, कंपनी क्रमांक 2. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होईल. तक्रारदार तुम्ही, कारण बिल तुमच्या नावावर आहे. मुलगी तुमच्या संमतीने बॅट वापरते, म्हणून कायद्याने तीही ग्राहक ठरते. तिला स्पर्धेत बक्षिसाची रक्कम मिळते म्हणून ‘व्यावसायिक वापर’ असा आक्षेप आला, तर तो खोडून काढता येतो. एखाद्या अकादमीने भाड्याने द्यायला वीस बॅटी घेतल्या असत्या तर तो आक्षेप जड गेला असता.

मागणी मोजकी ठेवा : किंमत व्याजासह, दुसऱ्या बॅटचा खर्च, मानसिक त्रासाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च. 18,500 च्या बॅटसाठी पाच लाख मागितले की मूळ मागणीचं गांभीर्य जातं.

दोष सिद्ध कसा करायचा, हा खरा कस आहे. चाचणीशिवाय कळत नसलेल्या दोषासाठी आयोग कलम 38 खाली वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण बॅटचा जोड तपासणारी योग्य प्रयोगशाळा सहज सापडत नाही. इथे तुमचा तो कारागीर कामी येईल. 800 रुपये चिकटवण्यासाठी नको, त्याचं लेखी मत शपथपत्रावर घ्या : किती वर्षं बॅटी दुरुस्त करतो, ही बॅट कोणत्या तारखेला पाहिली, फटीत काय दिसलं, ठोकल्याच्या खुणा कुठे आहेत आणि कुठे नाहीत. ‘कंपनी फसवते’ असली वाक्यं त्यात नकोत, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. समोरून तज्ज्ञाचं मत आलंच नाही, तर हे एक पान भारी ठरतं.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्यापुढे वाढवून देण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये आधीच्या, 1986 च्या ग्राहक कायद्यातल्या तशाच तरतुदीबद्दल स्पष्ट केलंय. तारीख उलटून जबाब आला तर उठून हरकत घ्या. निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. मध्यस्थीचा पर्याय पुढे आला तर नवी बॅट आणि खर्च मिळत असल्यास घ्या, मुलीचा मोसम वाया जाऊ देऊ नका. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण वाट पाहू नका. एका पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि फटीतली खूण आज दिसते तशी राहत नाही. व्हिडिओ याच आठवड्यात करून ठेवा.