फुंकर अपुरी पडली, तर?

प्रश्न : मला दमा आहे. नाकाबंदीत दारू तपासायच्या यंत्रात दोनदा फुंकलं, त्यावर आकडाच येईना. हवालदार म्हणाले, ‘नाटकं नकोत’, आणि ‘नकार दिला’ असं लिहून घेतलं. आता?

उत्तर : काका, यंत्राला दमा कळत नाही, कोर्टाला कागद कळतो. जुने केसपेपर, पंपाची चिठ्ठी आधी शोधा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ नुसार नकारामुळे सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ मिळू शकतं. पण वाजवी कारण दाखवलं तर नाही. अटक झाली होती का? मग कलम २०३ प्रमाणे ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी द्यायलाच हवी होती. मुळात दारू पिऊन गाडी चालवल्याचं कलम १८५ लावायचं तर चाचणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडावं लागतं. आणि हो, दहा हजार दंड भरून मोकळं व्हायची घाई करू नका. त्याआधी गुन्हा कबूल करावा लागतो.