शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात बँको करतोयस ना? मग हे ऐक

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली होती: बँकोला, म्हणजे मॅकबेथच्या सोबती सरदाराला, साधुसंत करून टाकतात. अरे, चेटकिणींचं भाकीत त्यानेही ऐकलंय. मॅकबेथला मुकुट, तर याच्या वंशजांना गादी. हाव दोघांच्याही दारात येते. एक दार उघडतो, दुसरा आतून कडी धरून बसतो. ती कडी धरलेली दिसली पाहिजे.

दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश नीट वाच. मध्यरात्र, सोबत मुलगा फ्लीन्स. डोळे जड झालेत, पण झोपायची भीती वाटतेय, कारण मनात नको ते विचार येतात. तलवार मुलाच्या हातात देतो आणि चाहूल लागताच परत मागतो. येणारा असतो मॅकबेथ! तिथे घाई करू नकोस.

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मात्र राजा डंकनचा खून मित्रानेच, मॅकबेथनेच, केला असा त्याला संशय आलेला असतो, तरी तो गप्प राहतो. का? स्वतःचं भाकीतही खरं ठरेल ही आशा. इथे तो मला सगळ्यांत जास्त माणूस वाटतो. शेक्सपिअरने जिच्यातून ही गोष्ट घेतली त्या होलिनशेडच्या बखरीत तर तो खुनात सामीलच आहे. शेक्सपिअरने त्याला धुऊन काढलं, बहुधा तेव्हाचा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स स्वतःला त्याचा वंशज मानायचा म्हणून.

पुढे मॅकबेथ बँकोलाही मारवतो; मग मेजवानीत येणाऱ्या बँकोच्या भुताला एकही वाक्य नाही. नुसतं बघ.