छातीत दुखतंय? जहाजावर सकाळ व्हायची वाट पाहू नका

अकरा वर्षं मी प्रवासी जहाजांवर डॉक्टर होते. आता जमिनीवर रुग्ण तपासते, पण क्रूझला निघालेली माणसं अजून मला गाठतात. या वेळी आलेल्या पत्रांतली चार इथे घेते आहे. पहिल्याला जास्त जागा देते, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही घरचे सात जण दहा दिवसांच्या क्रूझला निघालोय. सासऱ्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली आहेत. चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, मधुमेह आहे, रक्त पातळ राहण्याची गोळी रोज चालू आहे. मधले तीन दिवस जहाज कुठेच थांबत नाही. सासरे म्हणतात, "जहाजावर डॉक्टर असतो." यजमान म्हणतात, "वेळ आलीच तर हेलिकॉप्टर येतं." मला मात्र झोप लागत नाही. तिथे नेमकं काय असतं आणि काय नसतं?

उत्तर : घरात एकाने तरी हा विचार केला हे फार बरं झालं. सासरे आणि यजमान दोघांचंही म्हणणं खरं आहे, पण अर्धंच.

डॉक्टर असतो. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार, शंभर किंवा त्याहून जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरींवर जाणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असावाच लागतो. नियम झाला खलाशांसाठी, उपयोग प्रवाशांनाही होतो. दवाखाना बहुधा अगदी खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्याजवळ असतो. तिथे हेलकावे कमी बसतात आणि रुग्णाला उतरवायचं दारही जवळ पडतं. कार्डिओग्राम, हृदयाला शॉक देण्याचं यंत्र, व्हेंटिलेटर, एक्स-रे, रक्ताच्या मोजक्या तपासण्या, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, हे सगळं मोठ्या जहाजांवर असतं. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संघटनेने क्रूझच्या दवाखान्यांसाठी सूचना आखून दिल्या आहेत. बऱ्याच मोठ्या कंपन्या त्या पाळतात.

आता नसतं ते सांगते. अँजिओप्लास्टी होत नाही. मोठी शस्त्रक्रिया होत नाही. रक्तपेढी नसते. डायलिसिस सहसा नसतं, सीटी स्कॅनही सहसा नसतो. म्हणजे छोट्या इस्पितळाचा अपघात विभाग उचलून समुद्रात आणून ठेवलाय आणि बाकीचं इस्पितळ किनाऱ्यावरच राहिलंय, असं समजा.

सीटी नसण्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अर्धांगाचा झटका आला तर तो गुठळीमुळे आलाय की मेंदूतल्या रक्तस्रावाने, हे स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही. गुठळी विरघळवायचं औषध माझ्या कपाटात असायचं, पण रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल. म्हणून ते हातात असून देता येत नाही. त्या औषधासाठी साधारणपणे साडेचार तासांची मुदत धरतात, आणि ते तास जहाज कापत असलेल्या अंतरात निघून जातात. सासऱ्यांची गोळी रक्त पातळ ठेवणारी आहे, तेव्हा ते पडून डोक्याला मार लागला, तर "काही नाही, साधं टेंगूळ आहे" म्हणू नका. ताबडतोब कळवा. आम्ही रात्रभर तासातासाला उठवून बाहुल्या, शुद्ध आणि हातापायांतली ताकद तपासतो, आणि शंका आली की लगेच कप्तानाकडे जातो.

एक पहाट मी विसरू शकत नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी एका केबिनमधून फोन आला. यजमानांच्या छातीत दुखतंय, असं बाई सांगत होत्या. मी पोहोचले तेव्हा गृहस्थ पलंगाच्या कडेला बसले होते. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, डावी मूठ छातीवर दाबलेली. दुखायला लागलं होतं रात्री अकराला. "उगाच लोकांची झोपमोड कशाला, सकाळी बघू," असं ते बायकोला म्हणाले होते. अकराला आम्ही बंदर सोडून जेमतेम तास झाला होता. जहाज ताशी वीस सागरी मैलांनी चाललेलं, म्हणजे सहा तासांत एकशेवीस सागरी मैल, जवळजवळ सव्वादोनशे किलोमीटर आम्ही त्या बंदरापासून आणखी लांब आलो होतो. अकराला फोन आला असता तर मी कप्तानाला जहाज मागे वळवायची विनंती केली असती, आणि त्यांनी ते वळवलं असतं. हृदयाच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं औषध जेवढं लवकर द्यावं तेवढं हृदय जास्त वाचतं. मी ते दिलं, दुखणं उतरलं, संध्याकाळी पुढच्या बंदरात त्यांना अँब्युलन्समध्ये चढवलं. पुढे बाईंचं पत्र आलं. जीव वाचला होता, पण हृदयाचा जोर पुष्कळ कमी झाला होता.

म्हणून तुमच्या सासऱ्यांना आत्ताच, घरात बसून, सगळ्यांसमोर सांगा : छाती, जबडा, खांदा दुखला, दम लागला, अकारण घाम फुटला तर रात्रीचे तीन वाजले असले तरी उठवायचं. नर्स जागीच असते किंवा फोनवर येते. झोपमोड व्हावी म्हणूनच आम्हाला तिथे ठेवलेलं असतं.

हेलिकॉप्टरचं म्हणाल, तर ते येतं, पण त्याचा पल्ला बेताचा असतो. किनारा फार लांब असेल तर येऊ शकत नाही. धुकं आणि वादळ तर आहेच. बरेचदा ते जहाजावर उतरत नाही, वर घिरट्या घालत थांबतं आणि रुग्णाला स्ट्रेचरसकट तारेने वर ओढून घेतात. त्याआधी वरचे डेक रिकामे करतात, खुर्च्या-छत्र्या बांधतात, कप्तान वाऱ्याचा अंदाज घेऊन जहाजाची दिशा धरून ठेवतो. नातेवाइकाला सोबत घेतीलच असं नाही. माझ्या अकरा वर्षांत असं पाच वेळा झालं. बाकी सगळे गंभीर रुग्ण आम्ही पुढच्या बंदरात, साध्या अँब्युलन्सनेच उतरवले. तोवर सांभाळणं हे आमचं खरं काम.

तयारी सांगते. आधी त्यांच्या हृदयतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, तीन दिवस इस्पितळाशिवाय चालेल का. हो म्हणाले तर एका पानावर आजार, गोळ्यांची मूळ औषधी नावं आणि मात्रा लिहून घ्या. कंपनीची नावं देशागणिक बदलतात. स्टेंटचं कार्ड आणि शेवटच्या कार्डिओग्रामचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. हा जुना कार्डिओग्राम फार मोलाचा असतो. समोरच्या पट्टीवरचा बदल आजचा की चार वर्षांपूर्वीचा, हे आम्हाला त्यावरून एका नजरेत कळतं. गोळ्या सफरीपेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला कित्येक तास लागतात. विमा काढताना स्टेंट आणि मधुमेह लपवू नका. रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, ते वाचून घ्या. जहाजावरचे उपचार फुकट नसतात. बिल केबिनच्या खात्यावर चढतं, विम्याचे पैसे बहुधा मागाहून मिळतात, तेव्हा तपशीलवार बिल मागून घ्या.

आणि उतरायची वेळ आलीच तर सासऱ्यांबरोबर कोण उतरणार, मुलांजवळ कोण थांबणार, हे निघण्याआधी ठरवा. स्ट्रेचर दारात असताना हा वाद घालणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि ते पाहवत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी आई केबिनच्या बाथरूमच्या उंबरठ्याला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी एका अनोळखी बंदरात आम्हा दोघींना उतरवलं. संध्याकाळी जहाज निघून गेलं. खिडकीतून मी ते जाताना पाहिलं. ओझं झालो म्हणून टाकून दिलं असं वाटलं. त्यांना तसं करता येतं का?

उत्तर : ताई, त्या खिडकीत तुम्ही एकट्या उभ्या होतात, हे वाचून मला वाईट वाटलं. उत्तर मात्र हो असंच आहे. डॉक्टर सल्ला देतो, अखेरचा अधिकार कप्तानाचा. खुबा मोडलेल्या वयस्क माणसाची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी लागते. पडून राहिलं की पायात गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. जहाजावर ती शस्त्रक्रिया होत नाही. तुमच्या आईला ठेवून घेतलं असतं तर तिचं नुकसान झालं असतं. मीही तिला उतरवलंच असतं.

चूक झाली ती समजावून न सांगण्याची, आणि तिचा राग तुम्ही धरलात तो रास्त आहे. उतरवताना डॉक्टरांचं लेखी पत्र, एक्स-रेची प्रत, दिलेल्या औषधांच्या वेळा आणि कंपनीच्या बंदरातल्या एजंटचं नाव व फोन नंबर, हे तुमच्या हातात पडायला हवं होतं. एजंट व्हिसा, राहणं, दुभाषी यांत मदत करतो. माझी एक नर्स उतरणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या छातीवर पट्ट्याखाली एक छोटी पिशवी बांधायची. पासपोर्ट, चष्मा, कवळी, चार्जर, गोळ्या. कवळी राहिली की पुढचे कित्येक दिवस माणूस धड जेवू शकत नाही, हे तिने एकदा पाहिलं होतं.

तक्रार करायची असेल तर तिकिटाच्या अटी आजच काढून वाचा. मुदती तोकड्या असतात. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे इजेच्या बाबतीत कंपनीला लेखी कळवण्यासाठी किमान सहा महिने आणि दाव्यासाठी किमान एक वर्ष द्यावं लागतं, आणि अनेक कंपन्या नेमकं तेवढंच देतात. समुद्रमार्गे जाणाऱ्या प्रवाशांच्या भरपाईसाठीचा आंतरराष्ट्रीय अथेन्स करार लागू असेल तर दाव्याची मुदत दोन वर्षांची. तुमच्या सफरीला कोणता नियम लागतो ते वकिलाला विचारा, पण उशीर करू नका.

प्रश्न : सफरीत मला उलट्या आणि चार-पाच जुलाब झाले. केबिनमध्ये कोंडून ठेवतील म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांत बरा झालो. माझं चुकलं का?

उत्तर : हो, चुकलं. तो बहुधा नोरोव्हायरस होता. त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो, आणि तुम्ही धरलेला जिन्याचा कठडा तुमच्यामागून शेकडो जणांनी धरला. तुम्ही दोन दिवसांत उठलात. ऐंशीच्या आजींना तेच जुलाब सलाइनपर्यंत नेतात.

केबिनमध्ये थांबवतात ते बहुधा त्रास थांबल्यावर एक-दोन दिवसांपर्यंत. जेवण, पाणी, क्षारांची पुडी दारात येते, केबिन वेगळ्या औषधाने पुसतात. अमेरिकेच्या बंदराकडे निघालेल्या जहाजाला अशा रुग्णांचा आकडा आरोग्य खात्याला कळवावा लागतो, आणि प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी कुणातही ३ टक्के आजारी पडले की ती साथ जाहीर होते. लपवलेले रुग्ण त्या आकड्यात येत नाहीत, मग वेळेवर जास्तीची सफाईही सुरू होत नाही. आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरवर विसंबू नका. या विषाणूवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद.

प्रश्न : जहाज लागू नये म्हणून कानामागे लावायची पट्टी मिळते. वडिलांना (वय ७०) लावू का? त्यांना काचबिंदू आणि प्रोस्टेटचा त्रास आहे.

उत्तर : त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात लावू नका. त्या पट्टीतल्या स्कोपोलामाइनने काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब एकदम वाढतो, प्रोस्टेट असेल तर लघवी अडते, आणि या वयात कधी कधी माणूस गोंधळून असंबद्ध बोलू लागतो. त्यांच्यासाठी खालच्या डेकवरची, मधली केबिन घ्या, आणि मळमळलं की उघड्या डेकवर उभं राहून क्षितिजाकडे पाहायला सांगा.

घरात दुसरं कुणी ती पट्टी लावणार असेल तर निघण्याआधी किमान चार तास लावा, तीन दिवस पुरते, आणि लावल्यावर हात साबणाने धुवा. एकदा एक बाई एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली घेऊन दवाखान्यात आल्या. मेंदूत काही झालं की काय म्हणून माझ्या पोटात गोळा आला. हातपाय, बोलणं, सगळं ठीक होतं. मग कानामागे पाहिलं. पट्टी चिकटवून त्यांनी त्याच बोटाने डोळा चोळला होता.